मिळून येत नाही

ती संध्याकाळ आजही आठवते, आणि आठवली की सगळ्यात आधी दिसतात त्या माझ्या पायातल्या निळ्या रबरी स्लिपरा. अंगावर इस्त्रीचा खाकी गणवेश, कमरेला पट्टा, पट्ट्याला रिव्हॉल्व्हर, डोक्यावर टोपी आणि पायात मोरीतल्या स्लिपरा. बूट क्वार्टरच्या दाराबाहेर पॉलिश लावून ठेवले होते. फोन आला, मी धावलो, जीपमध्ये बसलो, आणि निम्म्या वाटेत ब्रेकचा धक्का बसला तेव्हा खाली पाहिलं. ड्रायव्हर हवालदारानंही पाहिलं. नोकरीनं तो माझ्यापेक्षा जुना. म्हणाला, "राहू द्या साहेब. तिथं तुमच्या पायाकडं बघायला कुणाला सवड न्हाई."

फोन एका गावच्या पोलीस पाटलांचा होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोल्हारपासून आत, प्रवरेच्या काठाकाठानं गेलं की लागणारं उसाचं गाव. माझ्या ठाण्याच्या हद्दीतलं, तसं शांत. बांधावरून भांडण आणि यात्रेत थोडी ढकलाढकली, एवढाच त्या गावाचा आणि आमचा संबंध. पाटील एरवी फोनवर आधी माझ्या तब्येतीची चौकशी करायचे, मग कामाचं. त्या दिवशी एकदम म्हणाले, "साहेब, पोरगं गायब झालंय. आन् कोप्यांवरचा मास्तर धरलाय लोकांनी. मी त्याला दूध डेअरीच्या खोलीत कोंडून कुलूप घातलंय, पन कुलूप लई टिकायचं न्हाई. तुमी निगा."

त्यांच्या आवाजामागून आणखी एक आवाज येत होता. शब्द एकही कळत नव्हता. बंदोबस्ताच्या नोकरीत मी पुष्कळ गर्दी ऐकली आहे. घोषणा देणारी गर्दी बरी असते, तिला निदान काहीतरी सांगायचं असतं. ही नुसती घुमत होती.

ठाण्यातली सगळी माणसं त्या दिवशी दुसरीकडे बंदोबस्ताला गेलेली. ठाणे अंमलदाराला डायरीला नोंद घ्यायला सांगितलं, जिल्ह्याच्या कंट्रोल रूमला कुमक मागितली, आणि निघालो आम्ही तिघं: मी, ड्रायव्हर आणि नुकताच भरती झालेला एक शिपाई. कुमक यायला वेळ लागणार हे कंट्रोलनं सांगितलं होतं. किती वेळ ते सांगितलं नव्हतं.

वाटेत मला तो मास्तर आठवत होता. मी त्याला ओळखत होतो, आणि ओळख झाली होती ती त्याच्या दाखल्यामुळे.

आमच्या भागात उसाचा हंगाम आला की तोडणीवाल्यांची बिऱ्हाडं येतात. गावाबाहेर पाचटाच्या कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, उभ्या राहतात. आईबाप पहाटेच फडात, पोरं दिवसभर मोकळी. एका निवृत्त शिक्षिकेनं, आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणायचो, या पोरांसाठी संध्याकाळचे वर्ग सुरू केले होते. शिकवणारे बिनपगारी. त्यातच हा पोरगा. मूळचा भंडारदऱ्याकडचा, डोंगरातला. इकडे एका बेकरीत कामाला. शिकवायला येताना बेकरीतला खारीचा आणि टोस्टचा चुरा पिशवीत घालून आणायचा. पोरं पाढे म्हणायची आणि खारी खायची. त्याला बघून गावातली चार पोरंही तिथं जाऊन बसायला लागली होती.

बाई कडक होत्या. पोरांमध्ये जाणाऱ्या प्रत्येकाचा पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला हवाच, हा त्यांचा नियम. नियम चांगला. पण त्या काळी तो दाखला काढायचा म्हणजे काय, ते सांगतो. अर्ज, त्याला कोर्ट फीचं तिकीट. तहसिलात जाऊन स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र. फोटो. मूळ गावच्या दोन प्रतिष्ठित माणसांचे जबाब. मग कागद आमच्याकडून नगरला, नगरहून त्याच्या मूळ ठाण्याला, तिथून शिपाई त्याच्या घरी, आणि तोच सगळा प्रवास उलटा. मध्ये एखादी सही राहिली की पहिल्यापासून. नोकरीसाठी परदेशी जाणारा माणूस हे सगळं करतो, त्याला पुढे मिळकत दिसत असते. फुकट शिकवायला जाणाऱ्याचं मात्र एकेका खेपेला कामावर खाडा, आणि खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली.

हा पोरगा ठाण्यात आला की बाहेरच्या बाकड्यावर टोकाला बसायचा. एकदा प्रतिज्ञापत्र राहिलं, एकदा फोटो चालला नाही, एकदा आमचा कारकून रजेवर. शेवटी बाईच आल्या. माझ्या टेबलासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "साहेब, चांगल्या माणसानं आपण चांगले आहोत हे सांगायला किती खाडे पाडायचे? वाईट माणसाला एवढा त्रास देता का हो तुम्ही?"

मी हसून चहा मागवला. बाई चहा न घेता गेल्या. आणि दाखल्याची वाट बघत वर्ग कशाला थांबवायचा म्हणून मास्तर शिकवत राहिला. बाईंनी स्वतःचा नियम बाजूला ठेवला तो तेवढाच एकदा.

आता तोच पोरगा कोंडलेला होता. आणि मला जीपमध्ये बसल्या बसल्या जी भीती वाटत होती, ती त्याला मारतील एवढीच नव्हती. त्यानं खरंच काही केलं असेल तर? मी त्याच्याबद्दल काय जाणत होतो? त्याचा बाकड्यावर बसायचा कोपरा, एवढंच.

डेअरीसमोर अख्खं गाव जमलेलं. ऊस भरायचे ट्रॅक्टर तसेच रस्त्यात सोडलेले. कुणाच्या हातात बैल हाकायची पराणी, कुणाच्या हातात तोडायचा कोयता. कोयत्यांना रोजच्या कामाचीच धार होती. जीप थांबली तशी माणसं बाजूला झाली नाहीत. ड्रायव्हरनं हॉर्न दिला तरी झाली नाहीत. मी उतरून चालत गेलो, आणि पुढच्या रांगेतला एक म्हातारा माझ्या पायाकडे बघून शेजारच्याला म्हणाला, "साहेब बी घाईत आल्याला दिसतोय." कुणी हसलं नाही. हसले असते तर मला बरं वाटलं असतं.

हरवलेला पोरगा पहिलीतला. त्याचा चुलता सगळ्यांच्या पुढे होता. तांबारलेले डोळे, नवा पांढरा सदरा, त्यावर कुंकवाचा शिंतोडा. त्याच्याच मुलीचा त्या दिवशी सकाळी साखरपुडा झाला होता. पाहुणे जेवून दुपारी गेले होते.

"साहेब, तुमी मधी पडू नका," तो म्हणाला. "आमच्या पोराला ह्यानं पळवलंय. हे बघा." त्यानं मास्तरची पिशवी उलटी केली. खारीचा चुरा मातीत पडला. "ह्यात गुंगीचं औशद घालून देतो. आमाला काय कळत न्हाई व्हय?"

"कुणी पाहिलं?"

"समद्यांनी पाह्यलं! दिस कलायच्या आत पोरगं कोप्यांवर ह्याच्या म्होरं बसल्यालं हुतं. माझ्या भावजयीनं, त्याच्या आईनं, सोता जाताना पाह्यलं. आन् ह्यो म्हंतो, आज आलाच न्हाई! तोंडावर खोटं बोलतोय."

पोराची आई तिथंच दगडावर बसली होती. रडत नव्हती. पदराचं टोक तोंडात धरून नुसती मान हलवत होती. मी तिला विचारलं, "तुम्ही स्वतः बघितलं?" ती म्हणाली, "व्हय. अंगात पोपटी शर्ट, काळ्या चौकडीचा. कोप्यांकडं पळत गेलं. मी हाक मारली, त्येनं वळून बगितलं न्हाई."

पाटलांनी कुलूप काढून मला आत घेतलं आणि बाहेरून पुन्हा लावलं. आत नासलेल्या दुधाचा वास, कोपऱ्यात कॅनची चळत, आणि कॅनच्या मागे तो. डावा हात कोपरापासून भलतीकडेच वळलेला. एका डोळ्याची नुसती फट उरलेली. मला बघून उठायला गेला, उठता आलं नाही.

चौकशीची माझी एक पद्धत होती. आरोप करायचा नाही, धमकी द्यायची नाही. एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या बाजूनं विचारायचा. खोटं बोलणारा दुसऱ्या वेळी उत्तर सुधारून देतो, असा माझा अनुभव. याचं उत्तर प्रत्येक वेळी तेच. "तो आज आला न्हाई, साहेब."

"अरे, सगळं गाव बघितलं म्हणतंय."

"गाव म्हनतंय ते मी बी ऐकलं. मार खाताना सारखं ऐकत व्हतो. पन तो आला न्हाई. कालच म्हनाला व्हता, उद्या घरी पाव्हने येनार, मी न्हाई येनार."

"तुझ्यावर याआधी कधी गुन्हा?"

त्याच्या चांगल्या डोळ्यात पाणी आलं. "त्योच दाखला मागायला येत व्हतो ना मी तुमच्याकडं?"

दाराला बाहेरून धक्का बसला. तो कॅनच्या आणखी मागे सरकला आणि हळूच म्हणाला, "साहेब, मी ह्या खोलीतून जिता जानार न्हाई ना?"

मी म्हणालो, "मी आहे ना." माझ्या आयुष्यात मी हे वाक्य इतक्या कमी खात्रीनं कधी उच्चारलेलं नाही.

बाहेर आलो. साक्षीदार खोटं बोलत असला की पोलिसाला फार काळजी नसते. त्याला कुठेतरी पकडता येतं. इथे समोरचे सगळे खरं बोलत होते, ते आईचा चेहराच सांगत होता. आणि आतला पोरगाही मला खरा वाटत होता. दोन्ही बाजू खऱ्या असल्या की तपास कुठून सुरू करायचा, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

मी पहिल्यांदा वेळ काढायचं ठरवलं. खाली वाकलो, मातीतला खारीचा मोठासा तुकडा उचलला, फुंकला, आणि सगळ्यांदेखत खाल्ला. दुसरा उचलला, तोही खाल्ला. म्हणालो, "गुंगीचं औषध आहे ना यात? मग बघू या मला काय होतं ते." गर्दी थबकली. कितीतरी माणसं माझ्याकडे निरखून बघत होती, साहेब आता पडतो की मग पडतो. घशाला कोरड, त्यात खारी. मला खरोखरच गरगरायला लागलं होतं, पण ते वेगळ्या कारणानं. ड्रायव्हर कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, पडू बिडू नका. तुमी पडला तर आपन तिघं बी गेलो."

तेवढ्या सवडीत मी वायरलेसवरून कंट्रोलला निरोप दिला: मास्तरचं नाव, गाव, त्याच्या मूळ ठाण्याला तातडीनं विचारा, या माणसावर काही गुन्हा आहे का. महिने लागणारं काम मी उभ्या उभ्या मागत होतो. आणि लोकांना मोठ्यानं सांगितलं, "त्याच्या गावच्या पोलिसांना विचारलंय. काय असेल ते तुमच्यासमोर कळेल." एवढ्यावर थांबायचं, तर मी ड्रायव्हरला हुकूम सोडला, "आवाज मोठा कर. सगळ्यांना ऐकू दे."

ही माझी हुशारी.

उजेड कमी होत चालला होता. कुणीतरी ट्रॅक्टरचे दिवे डेअरीच्या दारावर सोडले. मग जीपमधला स्पीकर खरखरला आणि कंट्रोलचा माणूस खणखणीत आवाजात वाचू लागला: "आपल्या विचारणेस उत्तर. सदर नावाचा इसम आमच्या अभिलेखावर मिळून येत नाही. ओव्हर."

मला हायसं वाटलं. अभिलेखावर मिळून येत नाही म्हणजे गुन्हेगारांच्या नोंदीत याचं नाव नाही, माणूस स्वच्छ. पोलिसांच्या मराठीत काही सापडत नाही, सगळं मिळून येतं. चोर मिळून येतो, चाकू मिळून येतो, बेवारस सायकल मिळून येते. आम्हाला त्याची इतकी सवय, की ही भाषा दुसऱ्या कुणाला येत नाही हे आम्ही विसरूनच गेलेलो.

चुलत्यानं दोन्ही हात वर केले. "ऐकलं का! मिळून येत न्हाई! त्याच्या गावात असा कुनी मानूसच न्हाई! नाव बी खोटं, गाव बी खोटं!"

गर्दी पुढे आली. मी ओरडत होतो, "अरे बाबांनो, मिळून येत नाही म्हणजे चांगलं! चांगलं आहे ते!"

"मानूस मिळंना हे चांगलं व्हय?" मागून कुणीतरी.

मी माइक ओढला. "कंट्रोल, साध्या मराठीत सांगा! साध्या मराठीत!" पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. बिचारा गोंधळला. मग म्हणाला, "सर, सदर इसम निरंक आहे."

"आता ह्यो निरंक कोन?" पुन्हा मागूनच. "त्याचा साथीदार आसंल!"

पहिला दगड जीपच्या काचेवर बसला. दुसरा पाटलांच्या खांद्यावर. मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. उजवा हात रिव्हॉल्व्हरवर गेला होता, आणि हे मला उशिरा कळलं. ते बाहेर काढलं तर पुढे काय, हे मला स्पष्ट दिसत होतं. समोर शेतकरी होते, आदल्या आठवड्यात ज्यांच्या यात्रेत मी नारळ फोडला होता. माझ्या पाठीमागे दाराच्या पत्र्यातून मास्तरचा आवाज येत होता. तो रडत नव्हता, ओरडत नव्हता. दोनचा पाढा म्हणत होता. पुन्हा पुन्हा दोनचाच.

आणि त्या धक्काबुक्कीत ट्रॅक्टरच्या दिव्यांत मला तो दिसला. डेअरीच्या कठड्यावर चढून बघत बसलेला पोरगा. पोपटी शर्ट, काळ्या चौकडी. आईनं सांगितलेलं वर्णन मला पाठ झालं होतं. मी झेप घेऊन त्याला उचललं, खांद्यावर घेतलं आणि जिवाच्या आकांतानं ओरडलो, "हा काय तुमचा पोरगा! इथंच तर आहे!"

सगळे थांबले. आई धावत आली. तोंड बघून थिजली. "ह्यो न्हाई. ह्यो मधल्या दिराचा."

खांद्यावरच्या पोराला खाली ठेवताना मला त्याच्या मागे कठड्यावर आणखी एक दिसला. पोपटी शर्ट, काळ्या चौकडी. आणि त्याच्या पलीकडे एक, तोच शर्ट.

मी चुलत्याला विचारलं, "हे शर्ट?"

"साखरपुड्याला शिवल्यालं," तो घुश्शातच म्हणाला. "भावकीतल्या समद्या पोरांना. एकाच ताग्यातलं."

"समद्या पोरांना," मी म्हणालो. माझा आवाज इतका खाली गेला होता की पुढचे लोक ऐकायला वाकले. मी कठड्यावरच्या पोरांकडे वळलो. "बाळांनो, आज मास्तरांच्या वर्गात कोण बसलं होतं?"

"मी," त्यातला एक म्हणाला.

"तुझ्या ह्या काकीनं हाक मारली होती का?"

"काकी दुसऱ्याचंच नाव घेऊन हाका मारीत हुती. म्हून मी न्हाई बगितलं."

मी गर्दीकडे तोंड केलं. "दुपारनंतर पोराचं तोंड कुणी पाहिलं? शर्ट नाही. तोंड."

माझ्यासमोरच्या माणसानं हातातला कोयता हळूच धोतराच्या मागे नेला. मग आईच म्हणाली, "तोंड... पाव्हनं निगाले तवा. टेंपोजवळ हुतं. म्होरं बसायचं म्हनून रडत हुतं."

पाहुणे नेवाशाकडचे. दोन टेंपो भरून आलेले. पोराची आत्या त्यातल्या एकात होती. मी पुन्हा माइक घेतला, आत्याचं नाव-गाव दिलं आणि नेवासा ठाण्याचा माणूस त्या वस्तीवर पाठवायला सांगितलं.

त्यानंतरची वाट बघणं हा त्या संध्याकाळचा सगळ्यात वाईट भाग होता. कारण तो आत्याकडेही नसला तर माझ्याजवळ सांगायला काही उरलं नव्हतं, आणि गर्दीही हे जाणून होती. कुणी घरी जाईना. नदीकडून गार वारं सुटलं. आई माझ्या पायाशी जीपच्या चाकाला टेकून बसली. प्रत्येक खरखरीला ती वर बघायची, आणि मी नजर चुकवायचो.

शेवटी कंट्रोल बोलला. "नेवाशाचा निरोप. वर्णनातील मुलगा सदर वस्तीवर मिळून आला. ओव्हर."

आई किंचाळली. "मिळून आला म्हंजी कसा? कसा मिळून आला?"

आणि मी, पंधरा वर्षं पोलिसात काढलेला माणूस, मीही गारठलो. कारण विहिरीतून काढलेलं प्रेतही आमच्या भाषेत मिळूनच येतं. मी माइक पुन्हा उचलला. "कंट्रोल... मुलगा कसा आहे? काय करतोय?"

पलीकडून विचारणा झाली. परत आलेलं उत्तर त्या माणसानं पहिल्यांदाच कागदावर न लिहिता सांगितलं असावं. "सर, आमटी-भात खातोय. आत्याला म्हणाला आई हो म्हणाली. आणि घरी यायचं नाही म्हणतोय."

आई जमिनीवर डोकं टेकून रडली. आधी बायका हसायला लागल्या, मग रडायला. पुरुष मात्र हळूहळू मागच्या मागे पांगू लागले. जाताना एकमेकांकडे बघत नव्हते. ज्या अंगणात मघाशी पाय ठेवायला जागा नव्हती, तिथे थोड्या वेळात ट्रॅक्टरचे दिवे आणि तुडवलेली खारी एवढंच राहिलं.

मास्तरला बाहेर आणलं. त्या आईनं तांब्याभर पाणी आणलं आणि त्याच्यापुढे धरलं. त्यानं तिचा हात वर येताना पाहिला आणि मोडका हात तोंडावर घेऊन खाली बसला. तांब्या तिच्या हातातच राहिला. मी कितीतरी मारामाऱ्या पाहिल्या, खून पाहिले. पण एवढं लाजिरवाणं दृश्य मी दुसरं पाहिलेलं नाही.

गर्दी-मारामारीचा गुन्हा मी दाखल केला, चुलत्यासकट पुढच्या फळीतल्यांना अटक केली. गावानं मध्यस्थ पाठवले, मिटवून घ्या म्हणून. मिटवलं नाही. मास्तरनं दवाखान्यात नीट जबाब दिला, कुणाबद्दल वाढवून एक शब्द सांगितला नाही. हाताला प्लास्टर असतानाच तो भंडारदऱ्याकडे आपल्या घरी गेला. बाई त्याला सोडायला गेल्या होत्या. परत येऊन म्हणाल्या, "एस.टी.त गर्दी चढली की उतरून जायचा. तीन गाड्या सोडल्या आम्ही." तो परत आला नाही. मी त्याचा दाखला नंतर त्याच्या घरी पोचवला. साध्या मराठीत लिहिलेला: या माणसावर कोणताही गुन्हा नाही. त्याचा त्याला काय उपयोग झाला असेल, मला माहीत नाही.

या प्रकरणानं मला काय शिकवलं? एक तर हे, की दाखला असता तरी त्या संध्याकाळी गर्दीनं तो वाचला नसता. कागद ढालीसारखा पुढे धरता येत नाही. पण दाखला आधीच झाला असता, तर त्या निमित्तानं पाटलांना, गावाला, मला तो पोरगा कोण आहे ते कळलं असतं. तो परका राहिला नसता. आणि मलाही जीपमध्ये बसून स्वतःला विचारावं लागलं नसतं, की मी या माणसाबद्दल काय जाणतो.

मी वरिष्ठांना लिहिलं, दोनदा जाऊन भेटलो. बिनपगारी काम करणाऱ्यांसाठी फी नको, स्टँप पेपर नको, मूळ गावी हेलपाटा नको. आमच्याच ठाण्यात शनिवारी यायचं, विचारणा वायरलेसवरून आम्ही करायची, आणि गावातल्या चार माणसांशी बोलायला आमचाच शिपाई जाणार. साहेब म्हणाले, "सोपं केलंत तर कुणीही घुसेल." आधी मीही तसंच समजत होतो. शेवटी त्यांनी आमच्या ठाण्यापुरतं करून बघायला परवानगी दिली. झालं उलटं. पूर्वी ज्याच्याकडे वेळ आणि ओळखी होत्या तो कसाही दाखला मिळवायचा, आणि गरीब माणूस कंटाळून सोडून द्यायचा. आता एक गृहस्थ आले, पोरांचं शिबिर घ्यायचंय म्हणाले, गोड बोलणारे. किती महिने लागतील, त्यांनी विचारलं. कारकून म्हणाला, दोन-चार दिवसांत होतं. त्यावर त्यांना आठवलं की अर्ज घरीच राहिलाय. तो आणायला गेले ते गेलेच. कडक तपास म्हणजे लांबलचक तपास नव्हे, हे मला त्या गृहस्थांच्या पाठीकडे बघताना समजलं.

पण शनिवारची ही सोय सुरू झाली तेव्हा कोप्यांवरचा वर्ग बंदच होता. शिकवायला कुणी तयार होईना. प्रत्येकाला ती संध्याकाळ माहीत होती. मी एका शुक्रवारी जेवताना हे बायकोला सांगत होतो. लग्नाआधी तिनं डी.एड. केलेलं, माझ्या बदल्यांमागे फिरण्यात नोकरी राहून गेलेली. ताटं उचलून झाल्यावर ती म्हणाली, "उद्या शनिवार ना? मी येते अर्ज घेऊन. हंगाम संपेपर्यंत पोरं आहेत तिथं."

मी ते हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. "ठाणेदाराची बायको तू. तुला कशाला हवाय दाखला?"

"सगळ्यांना लागतो, तसा मलाही," ती म्हणाली. "आणि माझी चौकशी शेजारणींकडे करायला सांगा. नवऱ्याकडे नको. त्याला भीती वाटतेय, मला थांबवायला तो माझ्याविरुद्ध काहीतरी लिहून देईल."